कोलंबसाच्या नावाने सुट्टी कशासाठी?



मागच्या वेळी आपण मसाल्यांच्या समुद्री वाटा पाहिल्या. व्याख्यान संपता संपता अमेरिकेत राहणाऱ्या एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला होता. वेळ संपला होता, म्हणून तो राहून गेला. त्यांनी लिहिलं होतं : "आमच्याकडे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते. यंदा मुलीच्या शाळेच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी इंडिजिनस पीपल्स डे असं लिहून आलं. ती विचारते, आई, नक्की कोणाची सुट्टी? तिला काय सांगू?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. कोलंबसाने नेमकं काय केलं? त्याच्या नावाची सुट्टी कधी आणि का सुरू झाली? आणि सुट्टी द्यायची ती कोणाला, कशासाठी? आजचं सगळं बोलणं या तीन प्रश्नांपुरतंच ठेवू या.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलंय की त्या काळी लोकांना पृथ्वी सपाट वाटायची आणि कोलंबसाने ती गोल असल्याचं दाखवून दिलं. हे खरं नाही. पृथ्वी गोल आहे हे युरोपातल्या शिकलेल्या लोकांना ग्रीकांच्या काळापासून ठाऊक होतं. आपल्याकडे तर त्या विषयाचं नावच भूगोल! सपाट पृथ्वीची ही गोष्ट घरोघरी पोहोचली ती मुख्यतः वॉशिंग्टन अर्विंग या अमेरिकी लेखकाने १८२८ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे. खरा वाद वेगळाच होता. पृथ्वी केवढी, हा. कोलंबसाचा हिशेब होता की कॅनरी बेटांपासून जपान अडीच हजार सागरी मैलांच्या आत आहे. प्रत्यक्षात हे अंतर दहा हजारांहून जास्त आहे. त्याला विरोध करणाऱ्या विद्वानांचं गणित बरोबर होतं आणि कोलंबसाचं चूक. मध्ये एक खंड आडवा आला म्हणून त्याची माणसं वाचली.

तरीसुद्धा त्याच्या धाडसाला कमी लेखायचं कारण नाही. ३ ऑगस्ट १४९२ ला स्पेनच्या पालोस बंदरातून तीन लहान जहाजं आणि सुमारे नव्वद माणसं घेऊन तो निघाला. वारे कोणत्या अक्षांशावर कसे वाहतात हे त्याला चांगलं कळत होतं. जाताना एका पट्ट्यातून गेला आणि येताना दुसऱ्या पट्ट्यातून परत आला. हे दर्यावर्दी म्हणून मोठं काम आहे. त्याच्या जहाजांनी जोडलेले दोन जग पुन्हा कधी वेगळे झाले नाहीत. तेव्हा तो महत्त्वाचा माणूस आहे का, असं कोणी विचारलं तर उत्तर निःसंशय हो. पण सुट्टीचा प्रश्न महत्त्वाचा नसून मानाचा आहे, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१२ ऑक्टोबर १४९२. बहामा बेटांपैकी एका बेटावर तो उतरला. तिथले लोक त्या बेटाला ग्वानाहानी म्हणत. त्याने नाव ठेवलं सान साल्वादोर. म्हणजे पहिल्याच दिवशी, ज्याला आधीच नाव आहे त्याला नवं नाव. हे लोक होते ताइनो. कोलंबसाच्या रोजनिशीचं मूळ हस्तलिखित हरवलंय. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने केलेला तिचा गोषवारा आज आपल्या हातात आहे. त्यातली नोंद वाचताना आपण थबकतो. हे लोक देखणे आहेत, मायाळू आहेत, हातात असेल ते देऊन टाकतात, असं तो लिहितो. आणि लगेच, हे चांगले नोकर होतील, असंही लिहितो. दोनच दिवसांनी तो नोंदवतो की पन्नास माणसं असली तर या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल. राजा-राणीला दाखवायला त्याने सात जणांना धरूनही ठेवलं होतं.

त्याच वर्षी नाताळच्या रात्री सान्ता मारिया हे मोठं जहाज आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर रुतलं. तिथला ताइनो सरदार ग्वाकानागारी याने आपली माणसं आणि होड्या पाठवून सगळं सामान उतरवून दिलं. एकही वस्तू गहाळ झाली नाही अशी कोलंबसाचीच नोंद आहे. त्या जहाजाच्या लाकडांतून एक गढी उभारली, तिथे ३९ माणसं ठेवली आणि तो स्पेनला परतला. १४९३ मध्ये १७ जहाजं आणि हजारावर माणसं घेऊन तो पुन्हा आला, तेव्हा गढी जळालेली होती आणि माणसं मेलेली. मागे राहिलेल्यांनी सोन्यासाठी आणि बायकांसाठी गावोगाव उच्छाद मांडला होता, असं कळलं.

इथून पुढे कोलंबस केवळ दर्यावर्दी राहत नाही, तो राज्यपाल होतो. आणि आपला खरा प्रश्न या राज्यपालाबद्दल आहे.

स्पेनच्या दरबाराला त्याने सोन्याची स्वप्नं दाखवली होती. सोनं फारसं मिळेना. मग परत पाठवायचं काय? माणसं. १४९५ च्या सुमारास दीड हजारांच्या आसपास ताइनो पकडले गेले. त्यांतले पाचशेहून अधिक जहाजांत भरून विक्रीसाठी स्पेनला धाडले. सुमारे दोनशे वाटेतच मेले आणि त्यांचे देह समुद्रात टाकले गेले. हे सांगणारा कोणी शत्रू नाही. मिकेले दा कुनेओ हा त्या प्रवासातला इटालियन गृहस्थ, कोलंबसाचा स्नेही, त्याच्या पत्रात हे आहे.

बेटावर जे उरले त्यांच्यावर सोन्याचा कर बसला. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी सोन्याची भुकटी आणून द्यायची. माप कोणतं? तर शिकारी ससाण्याच्या पायाला बांधायचं घुंगरू भरेल एवढं. जिथे सोनं नाही तिथे पंचवीस पौंड कापूस, म्हणजे अकरा-साडेअकरा किलो. कर भरला की गळ्यात अडकवायला धातूचा बिल्ला मिळायचा. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला शिक्षा. घुंगरू ऐकायला लहान वाटतं. पण त्या नद्यांच्या वाळूत तेवढं सोनं नव्हतंच. लोक शेती टाकून डोंगरात पळाले, आणि शेती टाकली म्हणून उपाशी मेले.

इथे काही जण म्हणतील, आणि ते बरोबरच म्हणतील, की ताइनो मेले ते मुख्यतः युरोपातून आलेल्या रोगांनी, आणि रोगाला कोलंबस जबाबदार कसा? हा मुद्दा नीट तपासला पाहिजे. मूळ लोकसंख्या किती, यावर अभ्यासकांत प्रचंड मतभेद आहे. त्या वादात आपण शिरत नाही. पण एक आकडा पक्का आहे. १५१४ मध्ये वाटणीसाठी मोजदाद झाली तेव्हा एस्पान्योला बेटावर सव्वीस हजारांच्या आसपास ताइनो नोंदले गेले. आणि देवीची मोठी साथ तिथे आली १५१८ च्या अखेरीस. आजारपणं त्याआधीही आली असणार. तरी देवी येण्यापूर्वीच समाज मोडकळीला आला होता आणि त्यामागे सक्तीची मजुरी, उपासमार, पळापळ, फुटलेली कुटुंबं ही कारणं होती. रोगही थकलेल्या, उपाशी माणसाला आधी गाठतो, हे आपल्याला दुष्काळ आणि प्लेगच्या इतिहासावरून वेगळं सांगायला नको. कोलंबसानंतर आलेले राज्यपाल त्याच्याइतकेच कठोर होते, काही तर जास्तच. सगळं पाप त्याच्या एकट्याच्या माथी मारणं न्यायाचं होणार नाही. पण गाडी त्या रुळावर घातली त्यानेच.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा बचाव घेऊ. "तो त्याच्या काळाचा माणूस होता. आजच्या फूटपट्टीने त्याला मोजू नका."

हे तत्त्व म्हणून आम्हाला मान्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते पाळलंच पाहिजे. म्हणून त्याच्याच काळाची फूटपट्टी लावू. १५०० मध्ये राणी इसाबेलाने स्पेनमध्ये विकलेल्या या लोकांना सोडून परत पाठवण्याचा हुकूम काढला. आपल्या प्रजेला विकायचा अधिकार याला कोणी दिला, असा तिचा रोख होता. त्याच वर्षी फ्रान्सिस्को दे बोबादिया हा चौकशीला आला आणि त्याने कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला पाठवलं. त्या चौकशीची एक प्रत २००५ मध्ये सिमांकासच्या अभिलेखागारात हाती लागली आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. तीत २३ जणांच्या साक्षी आहेत. कोलंबसाचं कुळ हलकं आहे असं बोलल्याबद्दल एका बाईची जीभ कापली गेली, अशी साक्ष त्यात आहे. बोबादियाला कोलंबसाची जागा हवी होती, त्यामुळे त्याचा अहवाल सावधपणे वाचायला हवा. राजाने कोलंबसाला पुढे मोकळंही केलं. पण राज्यपालपद काही परत दिलं नाही.

आणखी एक साक्ष. डिसेंबर १५११ मध्ये सान्तो दोमिंगोच्या चर्चमध्ये आन्तोनियो दे मोन्तेसिनोस हा धर्मगुरू मालकांसमोर उभा राहिला आणि या लोकांना छळायचा तुम्हाला काय हक्क, ही माणसं नाहीत का, असं त्याने तोंडावर विचारलं. आणि ज्याने रोजनिशी जपली तो लास कासास? त्याचे वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत होते. त्यांनी मुलासाठी एक ताइनो पोरगा आणला होता, जो राणीच्या हुकुमानंतर परत करावा लागला. लास कासास स्वतः पुढे बेटावर जमीनदार झाला, ताइनो मजूर राबवले, आणि १५१४ मध्ये मन पालटून ते सगळं सोडलं. त्याच्याही हातून चूक झाली. ताइनोंऐवजी आफ्रिकी गुलाम आणावेत असं तो एकदा सुचवून बसला आणि नंतर त्याबद्दल आयुष्यभर हळहळला. गंमत अशी की कोलंबसाबद्दल त्याला आदर होता. तरी जे पाहिलं ते त्याने लिहिलं. म्हणजे "त्या काळी सगळ्यांना हे चालत होतं" असं म्हणता येत नाही. ज्यांना चालत नव्हतं त्यांच्याच कागदांतून आपल्याला हे कळतंय. आणि ज्यांच्यावर गुदरत होतं त्या ताइनोंचा काळही तोच होता, नाही का? त्यांची फूटपट्टी कोणती होती, हे आपण विचारायलाच विसरतो.

आता दुसरा प्रश्न. अशा माणसाची सुट्टी अमेरिकेत आली कशी? तो तर आजच्या अमेरिकी संघराज्याच्या मुख्य भूमीवर कधी उतरलाच नाही. इथे आपल्याला एक वेगळीच, करुण गोष्ट भेटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतून लाखो गरीब माणसं अमेरिकेत येत होती. सावळी, कॅथलिक, मिळेल ते काम करणारी. त्यांना पूर्ण गोरं मानायलाही तिथले लोक तयार नव्हते. मार्च १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात काही इटालियन सुटले, तेव्हा जमावाने तुरुंग फोडला आणि अकरा इटालियनांना ठार मारलं. इटलीशी अमेरिकेचे संबंध बिघडले, शेवटी भरपाई द्यावी लागली. पुढच्याच वर्षी कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं होत होती. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८९२ मध्ये देशभर तो दिवस पाळण्याचा जाहीरनामा काढला. इटालियन माणसाला प्रथमच सांगता आलं, "तुमच्या देशाची गोष्ट आमच्या माणसापासून सुरू होते." हाकलून लावू पाहणाऱ्या घरात त्यांना उंबऱ्याच्या आत यायला जागा मिळाली.

या चारशे वर्षांचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८९३ ची शिकागोची सर्वधर्म परिषद, जिथे स्वामी विवेकानंद बोलले, ती कोलंबसाच्या स्मरणार्थ भरवलेल्या जागतिक प्रदर्शनाचाच भाग होती. पुढे कोलोरॅडो राज्याने १९०७ मध्ये कोलंबस डेला कायदेशीर सुट्टी केलं. १९३४ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना दरवर्षी जाहीरनामा काढण्याची विनंती केली. १९६८ च्या कायद्याने, १९७१ पासून, ऑक्टोबरचा दुसरा सोमवार ही संघराज्याची सुट्टी ठरली.

तेव्हा आज एखाद्या शहरात पुतळा हलवतात आणि म्हातारे इटालियन आजोबा रडतात, तेव्हा ते घुंगराच्या मापासाठी रडत नसतात. आपल्या आजोबांना मिळालेला पहिला मान कोणी हिसकावतंय असं त्यांना वाटतं. हे समजून न घेता वाद घालणं उद्धटपणाचं होईल.

पण त्याच सोमवारी दुसऱ्या कोणाच्या घरी सुतक असतं. मूळनिवासी लोकांनी १९७७ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत हा दिवस बदलण्याची मागणी मांडली. १९९२ मध्ये, पाचशे वर्षं भरली तेव्हा, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने कोलंबस डेऐवजी इंडिजिनस पीपल्स डे सुरू केला. मग एकेक शहर, एकेक राज्य त्या वाटेने गेलं. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी दोन्ही नावांनी जाहीरनामे काढले. संघराज्याच्या कायद्यात मात्र नाव अजून कोलंबसाचंच आहे. म्हणून ताईंच्या मुलीला एका दिवसाची दोन नावं दिसतात. आणि ज्या बहामात तो पहिल्यांदा उतरला? तिथेही डिस्कव्हरी डेची सुट्टी होती. २०१३ पासून त्या जागी ते आपल्या राष्ट्रीय वीरांचा दिवस पाळतात.

हा वाद आपल्याला परका आहे का? १९९८ आठवा. वास्को द गामा कोळिकोडजवळ उतरल्याला पाचशे वर्षं झाली. लिस्बनमध्ये त्या वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, नव्या पुलाला त्याचं नाव दिलं. आपल्याकडे सोहळ्याची भाषा निघाली तेव्हा गोव्यात आणि केरळात जोरदार विरोध झाला. कारण १५०२ मध्ये याच गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं आणि ते लिहून ठेवलंय त्याच्याच ताफ्यातल्या माणसाने. तरी जुन्या गोव्यात मांडवीच्या काठावर, त्याच्या पणतूने उभारलेल्या कमानीवर गामाची मूर्ती आजही आहे. वास्को शहराचं नाव बदलायची मागणी झाली, पण लोक अजून "वास्कोला जातो" असंच म्हणतात. मात्र गोवा मानाने साजरा करतो तो १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि १८ जूनचा क्रांतिदिन. आम्हाला यात एक शहाणपण दिसतं. कमान इतिहास म्हणून राहू दे. अभ्यास करू, पाटीवर सगळं खरं लिहू. पण गोडधोड करायचा दिवस वेगळ्या माणसांचा.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. पुस्तकात, संग्रहालयात, व्याख्यानात कोलंबस हवाच. त्याच्याशिवाय आजचं जग समजणार नाही. पण सुट्टी म्हणजे सरकारने सगळ्या नागरिकांना सांगणं की आज या माणसाची कृतज्ञतेने आठवण करा. ज्या नागरिकांचे पूर्वज त्याच्या हाताखाली विकले गेले, त्यांच्याकडून ही कृतज्ञता मागता येत नाही. त्यामुळे ही सुट्टी त्याच्या नावाने असू नये. इटालियन अमेरिकनांचा मान राखायचा तर त्यांच्या कष्टांचा, १८९१ च्या त्या अकरा जणांच्या आठवणीचा दिवस त्यांना जरूर मिळावा. त्यासाठी एका क्रूर राज्यपालाची गरज नाही. आणि हीच कसोटी आपण आपल्याकडच्या जयंत्या आणि पुतळ्यांना लावायला तयार आहोत का, हे प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःला विचारायचं. दुसऱ्याच्या नायकाची उलटतपासणी फार सोपी असते.

आता ताई, तुमच्या लेकीला काय सांगायचं. एकादशीला तुमच्याकडे साबुदाण्याची खिचडी होत असेल. ती खिचडी तिच्यासमोर ठेवा. साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून बनतो तो कसावा, म्हणजे ताइनोंची रोजची भाकरी. त्यातला बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं त्याच गोलार्धातून आलेलं. आणि "बटाटा" हा शब्द? हिंदीत आलू म्हणतात, आपण पोर्तुगिजांकडून बटाटा घेतला, आणि त्यांच्याकडे तो पोहोचला ताइनो भाषेतून. तिथे त्याचा अर्थ होता रताळं. तेही आपण उपासाला खातोच! सोळाव्या शतकाच्या मध्याला एस्पान्योलावर ताइनो म्हणवणारे काही शेच उरल्याची नोंद आहे. त्यांची भाषा बोलती राहिली नाही. पण त्यांचं रक्त पोर्तो रिको, क्युबा, डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या माणसांत आजही आहे, स्वतःला अभिमानाने ताइनो म्हणवणारे लोकही आहेत. आणि त्यांचा एक शब्द आपण रोज मंडईत भाव विचारताना उच्चारतो.

तेव्हा मुलीला सांगा, सुट्टीला दोन नावं आहेत, कारण एका दिवशी दोन गोष्टी घडल्या. एकाला किनारा दिसला, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना जहाजं दिसली. आपण आजवर पहिलीच गोष्ट ऐकत आलो. या सोमवारी दुसरी ऐकू.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी त्यांपासूनच सुरुवात करू.